बाबा म्हणाले, आवाज नव्हता

पहाटे 5:15

वारज्यात मोकळ्या हवेचा आवाज टिपायचा तर हीच वेळ. तरी मुंबई-बंगळुरू महामार्ग काही गप्प बसत नाही. डुक्कर खिंडीकडून उतरणाऱ्या ट्रकांची घरघर जमिनीलगत चोवीस तास चालू असते. कानाला तिची सवय होते, माइकला होत नाही. म्हणून रेकॉर्डरवर अगदी खालचे सूर कापूनच मी नगरवनाच्या कडेला उभी राहते. माइकवर वाऱ्यासाठीची केसाळ टोपी, कानावर हेडफोन.

हे वन तसं नवं. 16.8 हेक्टर वनजमीन उजाड पडली होती. 2015-16 मध्ये तिथे साडेसहा हजारांवर रोपं लागली, आणि 2020 मध्ये केंद्र सरकारनं नगरवन योजना जाहीर केली तेव्हा नमुना म्हणून वारज्याच्या याच वनाचं नाव घेतलं. झाडं वाढली तसे आवाजही वाढले. उजाडल्यावर बुलबुल, सातभाई, शिंपी यांची एकच गडबड उडते. सव्वापाचला मात्र टिटवीचं राज्य.

माझी आई वेल्ह्याची. तिच्या माहेरी रात्री टिटवी ओरडली की म्हातारी माणसं देवाचं नाव घेत, कुणाचं तरी बोलावणं आलं म्हणत. मी टिटवीचे आवाज बरेच साठवले आहेत. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते, त्यामुळे जवळून कुत्रं, मुंगूस, माणूस, काहीही सरकलं की ओरडते. आजही ती आधी ओरडली आणि मग पायवाटेवरून दोन भटकी कुत्री आली. गावच्या लोकांचं निरीक्षण चोख होतं: अंधारात कुणीतरी फिरतंय, हे टिटवी सांगते. त्या निरीक्षणाला भीती नंतर चिकटली. माझ्या कामात मला हाच क्रम रोज भेटतो.

मी साउंड डिझायनर आहे. माहितीपटांना आणि मालिकांना आवाज लावते. सध्या सह्याद्री आणि सातपुड्यातल्या ‘गूढ’ प्राण्यांवरची एक मराठी मालिका हातात आहे. त्यातला तरसाचा भाग आज रात्री मिक्स होऊन जायला हवा.

सकाळी 7:30

पोळ्या, भाजी, डबे. मुलगी दूध पिता पिता फोनवर ‘फाइंडिंग बिगफूट’चा तुकडा बघत होती. ॲनिमल प्लॅनेटवर 2011 ते 2018 अशी ही मालिका चालली. चार जण अमेरिकेतल्या जंगलांत रात्री फिरतात, झाडांवर लाकूड ठोकतात, आरोळ्या देतात आणि पलीकडून उत्तर येतंय का ऐकतात. बिगफूट अर्थातच कुठल्याच भागात सापडला नाही. त्या चौघांत रने हॉलंड नावाची एक जीवशास्त्रज्ञ आहे. दर वेळी ती विचारते की हा आवाज कोयोटीचा किंवा घुबडाचा कशावरून नाही? मला ती फार आवडते.

मुलगी म्हणाली, “आई, बघ ना, किती भीती वाटते!”

“आवाज बंद करून बघ.”

तिनं केला. मग म्हणाली, “हे तर नुसते उभे आहेत.”

तेवढंच तिला कळायला हवं होतं. रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत होते.

सकाळी 9:00

फाटकाशी वॉचमन काकांनी थांबवलं. लातूरकडचे आहेत, रात्रपाळी संपवून निघायच्या बेतात होते. “ताई, तुमचं आवाजाचंच काम ना? जरा हे ऐका.”

आमच्या इमारतीत बाथरूमच्या मागच्या बाजूनं उभा डक्ट आहे. तिथे काही रात्रींपासून विचित्र आवाज येतोय. सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्यावर चिक्कार लिहून झालंय. एकजण म्हणतो नाग आहे, दुसरी म्हणते लहान मूल रडतंय, तिसऱ्याला बंद असलेल्या फ्लॅटची आठवण झाली. मार्च 2024 मध्ये इथे न्यू अहिरे गावात बिबट्या शिरला होता आणि वनविभाग व बचाव पथकानं त्याला पकडून नेलं होतं. तेव्हापासून ग्रुपवर दर सावलीला बिबट्याही म्हटलं जातं. दिवाळीआधी पारव्यांसाठी डक्टला जाळी मारायची ठरलंय आणि जाळीवाले उद्या सकाळी येणार आहेत.

काकांना विचारलं: किती वाजता येतो? किती वेळ चालतो? वरून येतो की खालून? ते नीट आठवून सांगू लागले. अंधार पडल्यावर तासाभरात सुरू होतो. थांबतो, पुन्हा येतो. वरच्या अंगानं. एकदा मधेच किंकाळीसारखं आलं आणि त्यानंतर तो फुसफुसण्याचा आवाज जास्तच वाढला.

“काही दिसलं?”

“न्हाई ताई. डोळ्यानं काय बी पाहिलं न्हाई. ऐकलं तेवढंच सांगतो.”

साक्षीदार असा असावा. क्लिप मागून घेतली आणि संध्याकाळी सांगते म्हटलं.

सकाळी 10:00

स्टुडिओ म्हणजे माळवाडीतली भाड्याची एक खोली. भिंतींना रॉकवूल, दाराला दोन जाड गोधड्या.

टाइमलाइनवर तरस उघडला. या भागाचा कणा म्हणजे पुरंदरच्या माळावरचे एक म्हातारे मेंढपाळ. त्यांचं बोलणं मी इतक्यांदा ऐकलंय की श्वासासकट पाठ झालंय: “कुत्र्याहून थोराड. पुढनं उंच, मागनं बसकं. मानंवरचं केस उभं. माज्याकडं बघितलं, आन् गेलं.” बाहेरून दिग्दर्शक विचारतो, आवाज कसला आला? बाबा थांबतात. “आवाज? आवाज न्हवता.”

प्राणिशास्त्राच्या पुस्तकात बसेल असं वर्णन आहे हे. तरसाचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब, म्हणून पाठ उतरती. घाबरला की मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ उभी करतो आणि आहे त्याच्यापेक्षा मोठा दिसतो. अंधारात कंदिलाच्या उजेडात हे रूप पाहिलेल्या माणसानं राक्षस पाहिला म्हटलं, तर तो खोटं बोलत नाही. बाबा तर तसंही म्हणत नाहीत.

आणि नेमकं त्यांच्या शेवटच्या वाक्यावर निर्मात्यांकडून सूचना आली होती: इथे तरसाचं हसणं घाला, खाली ड्रोन द्या.

ड्रोन म्हणजे एकसुरी, खालच्या पट्टीतला, न संपणारा घुमारा. तो सुरू झाला की काहीतरी वाईट घडणार असं ऐकणाऱ्याला वाटू लागतं आणि का वाटतं ते त्याला सांगता येत नाही. हसण्याची गोष्ट तर आणखी वाईट. साउंड लायब्ररीत ‘हायना’ शोधलं की जे खिदळणं सापडतं ते आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसाचं. तो मोठ्या टोळीत राहतो. शिकारीवर भांडणं होतात, मानपान असतो, म्हणून त्याच्याकडे आवाजांचा मोठा साठा आहे. आपल्याकडचा तरस पट्टेवाला. एकटा-दुकटा फिरतो, मेलेली जनावरं खातो, हाडं फोडतो आणि बहुतेक वेळ गप्प असतो. कोंडीत सापडला तर गुरगुरतो, कण्हतो, एवढंच. पण पडद्यावर पट्ट्यांचा तरस दिसला की मागून आफ्रिका हसते. जगभरच्या माहितीपटांत हे चालत आलंय, आणि ते ऐकून ऐकून आपल्या माळावरच्या मुक्या जनावराला लोक हसरं भूत समजू लागलेत.

मी मेंढपाळाच्या प्रसंगाला फक्त पावलं केली. सासवडकडून पोतंभर कुसळी गवत आणून ठेवलंय. ते लाकडी फळीवर पसरलं, जुना चामडी हातमोजा हातात घातला आणि चित्राकडे बघत एकेक पाऊल टाकलं. तरस मागचा पाय जरा ओढल्यासारखा टाकतो, त्यामुळे दर दुसऱ्या पावलाला गवताची बारीक खसखस लांबते. माइक अगदी जवळ. हेडफोनमध्ये ती खसखस ऐकताना माझ्याच हातावर काटा आला. खऱ्या गोष्टीत एवढी ताकद असते.

राक्षस करणं सोपं आहे, तेही सांगते. म्हशीचं रेकणं अर्ध्या वेगानं वाजवा, त्यात डुकराचं घुरघुरणं मिसळा, वर गुहेचा घुमार चढवा. पाच मिनिटांचं काम.

सकाळी 11:45

याच भागात एक तुकडा शहराचा आहे: जंगली जनावर वस्तीत आलं की माणसं काय करतात. त्यासाठी 9 डिसेंबर 2020 ची चित्रफीत वापरली आहे. त्या सकाळी वारज्याला लागूनच असलेल्या कोथरूडच्या महात्मा सोसायटीत रानगवा शिरला होता. पुणेकरांना तो दिवस आठवत असेल. वाहिन्यांवर थेट प्रक्षेपण, मागे धावणारी गर्दी, गच्च्यांवरून फोन. तो जखमी झाला, दमला, भुलीचं इंजेक्शन देऊन पकडला गेला आणि मेला.

मी हे चित्रण आवाजाच्या अंगानं चाळते. वरचा थर निवेदकाचा, ओरडणारा. त्याखाली शिट्ट्या, ‘ए तिकडं गेला, तिकडं गेला’, गाड्यांचे हॉर्न. हे सगळे पट्टे मी गाळण्या लावून एकेक करून उतरवले. एका ठिकाणी कॅमेरा जवळ आहे आणि दोन-तीन सेकंद गव्याचा श्वास ऐकू येतो. ओला, जड, फार जलद. निवेदक त्याच क्षणी त्याला पिसाळलेला म्हणतोय. श्वास ऐकल्यावर कुणाला तसं म्हणवणार नाही.

मी तो श्वास ठेवला. निवेदकाचा आवाज पार खाली नेला.

तेरा दिवसांनी, 22 डिसेंबरला, बावधन भागात दुसरा गवा दिसला होता. त्या वेळी गर्दी लांब ठेवली गेली आणि तो जंगलात परत गेला. त्या प्रसंगाचं चित्रण आमच्याकडे अगदी थोडं आहे, कारण बघण्यासारखं काही घडलंच नाही. दिग्दर्शकाला मी सांगितलंय की हाही तुकडा हवाच, भले सात सेकंदांचा असो.

दुपारी 1:15

डबा. भेंडी. जेवताना मी मुद्दाम जुन्या गोष्टी वाचते, दुपारच्या बैठकीत हाताशी असाव्यात म्हणून.

यतीची गोष्ट मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत चांगली वाटते, कारण ती पुरी होते. 1951 मध्ये एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर एका मोठ्या पावलाचा फोटो काढला, शेजारी मापाला बर्फाची कुऱ्हाड ठेवून. जगभर खळबळ झाली. 1960 मध्ये एडमंड हिलरी हिमालयात गेले तेव्हा मोहिमेच्या उद्दिष्टांत यतीचा शोधही होता. त्यांच्याबरोबर शिकागोच्या प्राणिसंग्रहालयाचे मार्लिन पर्किन्स होते. हेच पर्किन्स 1963 पासून ‘वाइल्ड किंगडम’ या मालिकेमुळे अमेरिकेच्या घराघरांत पोचले. खुमजुंग गावात यतीच्या डोक्याची कातडी म्हणून पूजलेली एक टोकदार टोपी होती. हिलरींनी ती गावाकडून मागून घेतली, आणि गावानं आपले प्रमुख खुंजो चुंबी यांना तिच्यासोबत पाठवलं. शिकागो, पॅरिस, लंडन असा त्यांचा प्रवास झाला. तपासात ती सेरो नावाच्या रानबकऱ्यासारख्या प्राण्याच्या कातड्यापासून घडवलेली निघाली. टोपी गावाला परत मिळाली. ज्यांची श्रद्धा होती त्यांचा माणूस तपासाच्या टेबलाशी हजर होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढचा टप्पा तर दूरचित्रवाणीमुळेच आला. ॲनिमल प्लॅनेटच्या 2016 च्या ‘यती ऑर नॉट’ या कार्यक्रमासाठी बफेलो विद्यापीठाच्या शार्लट लिंडक्विस्ट यांच्याकडे यतीचे म्हणून जपलेले केस, हाड, दात, कातडी असे नमुने आले. 2017 मध्ये त्यांच्या चमूनं निष्कर्ष प्रसिद्ध केला. यतीचे म्हणून आलेल्या नऊ नमुन्यांपैकी आठ अस्वलांचे होते: काळी अस्वलं, हिमालयातली आणि तिबेटातली तपकिरी अस्वलं. नववा कुत्र्याचा. त्याच कामातून हिमालयातलं तपकिरी अस्वल ही फार जुनी, वेगळी पडलेली शाखा असल्याचं कळलं. म्हणजे राक्षसाच्या कार्यक्रमानं एका दुर्मीळ अस्वलाच्या वंशावळीत भर घातली. कार्यक्रम असा करता येतो! तरी एप्रिल 2019 मध्ये आपल्या लष्करानं मकालू तळाजवळच्या 32 बाय 15 इंच पावलांचे फोटो प्रसिद्ध केले, तेव्हा वाहिन्यांनी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. अस्वलांचा अभ्यास येऊन दीडच वर्ष झालं होतं.

दुपारी 2:30

बैठक फोनवर. दिग्दर्शक, निर्मात्यांकडचे दोघं आणि मी.

त्यांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते. जाहिरातीच्या आधी प्रश्न टांगता राहिला नाही तर प्रेक्षक वाहिनी बदलतो. परदेशी मालिका हेच करतात. आधी ‘ते काय होतं?’, मग जाहिरात, मग तोच प्रसंग पुन्हा. शिवाय मराठीत एवढा पैसा घालून कुणी प्राण्यांवर मालिका करत नाही, ती चालली तर पुढची होईल. यातलं शेवटचं मला पूर्ण मान्य आहे.

मी म्हटलं, उत्कंठा ठेवू, आवाज खोटा नको. आणि त्यांना ‘ब्लूप’ची गोष्ट सांगितली. 1997 मध्ये अमेरिकेच्या नोआ या सागर-संशोधन संस्थेच्या पाण्याखालच्या माइकांनी दक्षिण प्रशांत महासागरात एक प्रचंड आवाज टिपला. हजारो किलोमीटर अंतरावरच्या माइकांनाही तो ऐकू गेला. लोकांनी समुद्रराक्षस रंगवले. पुढे त्याच तऱ्हेचे आवाज अंटार्क्टिकातल्या हिमनगांना तडे जातात तेव्हा निघतात, हे नोंदींवरून स्पष्ट झालं. उत्तर साधं आहे का हे? पृथ्वीच्या टोकाला बर्फाचा डोंगर फुटतो आणि अर्धा महासागर ते ऐकतो! पण 2012 च्या ‘मर्मेड्स: द बॉडी फाउंड’ या कार्यक्रमानं तोच आवाज जलमानवांच्या गोष्टीत ओवला. नट शास्त्रज्ञ म्हणून उभे केले होते. इतक्या लोकांनी खरं मानलं की असे जलमानव असल्याचा पुरावा कधीच मिळालेला नाही, असं नोआला जाहीर करावं लागलं. आणि 2013 मध्ये दुसरा भाग आला.

“पण तो चालला ना,” एकजण म्हणाला.

चालला. म्हणूनच मला दिल्लीची आठवण काढावी लागली. मे 2001 मध्ये ‘काळा बंदर’ फिरतोय अशी हवा झाली. वीज गेलेल्या रात्री, गच्चीवर झोपलेली माणसं, आणि दिवसभर बातम्या. ‘आला, आला’ ओरडा झाला की लोक अंधारात उड्या टाकत. माणसं दगावली. बंदर सापडला नाही. भीतीला पाय फुटले की ती कुणाच्या अंगावर जाईल हे कुणाच्याच हातात नसतं. आपल्याकडे तरसाला, घुबडाला, मांडुळाला लोक एकतर याच भीतीपायी, नाहीतर त्यांच्याभोवतीच्या चमत्कारांपायी मारतात किंवा पकडून विकतात.

शेवटी मी एकच मागितलं. माणूस आपण पाहिलेलं सांगत असेल तेव्हा त्याच्या आवाजाखाली काहीही घालायचं नाही. ना ड्रोन, ना तबल्याचा ठोका, ना हसणं. बाबा म्हणतात आवाज नव्हता, तर त्या जागी आवाज घालणं म्हणजे त्यांच्या साक्षीत फेरफार करणं. कोर्टात कुणी असं केलं तर काय म्हणाल?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तोडगा निघाला: बाबांचं निवेदन कोरं राहील, शीर्षकाच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात ड्रोन येईल, आफ्रिकेचं हसणं पूर्ण बाद. मला शीर्षकातला ड्रोनही नको होता. पण बाबा वाचले.

दुपारी 4:00

चहा. खोलीतला पंखा बंद करून बसले, आणि त्यावरून व्हिक टँडी आठवले. कॉव्हेंट्रीच्या प्रयोगशाळेत काम करणारे हे इंजिनियर. तिथे लोकांना अस्वस्थ वाटायचं, त्यांना स्वतःला डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं, आणि त्यांनी ते पातं खोलीभर हलवून बघितलं. कारण निघालं नवा बसवलेला वायुवीजनाचा पंखा. त्यातून सेकंदाला सुमारे 19 कंपनांची, कानाला न ऐकू येणारी लाट खोलीत उभी राहत होती. पंख्याची जोडणी बदलली, आकृती गेली. 1998 मध्ये त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं. इतरांनी पुढे त्यावर शंकाही घेतल्या आहेत. मला आवडतं ते त्यांचं पहिलं पाऊल: घाबरलेल्या माणसानं पातं उचललं आणि मोजायला लागला.

संध्याकाळी 5:00

काकांची क्लिप स्पेक्ट्रोग्राममध्ये उघडली. यात आवाजाचं चित्र होतं. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर सूर.

लहान मूल रडतं तेव्हा साधारण चारशे-पाचशे हर्ट्झच्या आसपास एक ठळक रेघ दिसते आणि तिच्यावर सारख्या अंतरानं रेघाच रेघा, शिडीच्या पायऱ्या असाव्यात तशा. गळ्यातल्या पडद्यांचा आवाज असला की ही शिडी येतेच. काकांच्या क्लिपमध्ये शिडी नव्हती. वरच्या अर्ध्या भागात नुसते दाट, राखाडी पट्टे. प्रत्येक साधारण सेकंदभराचा, मग छोटी उसंत, मग पुढचा. जवळून पाहिलं तर दोन पट्टे एकमेकांवर चढलेले, म्हणजे आवाज करणारे एकाहून जास्त. नाग असा तालात, तासन् तास, जोडीनं फुत्कारत नाही. आणि मधे ती किंकाळी: पट्टाच, पण खरखरीत, एकदम जोरात सुरू होऊन तुटणारी. तिच्यानंतर राखाडी पट्टे दाटले.

माझ्या साठ्यातली गव्हाणी घुबडाच्या पिल्लांची नोंद शेजारी लावली. पट्ट्यावर पट्टा बसला. भुकेली पिल्लं फुसफुसतात. आई किंवा बाप उंदीर घेऊन येतो, किंचाळतो, आणि पिल्लांचा कल्ला वाढतो. काकांनी सकाळी हा क्रम अगदी बरोबर सांगितला होता.

संध्याकाळी 7:30

गच्चीवर सेक्रेटरी, काका, ग्रुपवर सर्वांत जास्त लिहिणारे दोघं आणि मी. डक्टच्या वरच्या कोनाड्याकडे तांबड्या उजेडाची बॅटरी हलकेच फिरवली. पांढरे, पानाच्या आकाराचे चेहरे. तीन पिल्लं, वेगवेगळ्या वयाची, कारण मादी एकेक दिवसाआड अंडी घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच बसते. सगळ्यांत मोठं मान गोल फिरवत आमच्याकडे पाहत होतं. 2017 मध्ये विशाखापट्टणमच्या एका बांधकामात अशीच पिल्लं सापडली आणि परग्रहवासी म्हणून त्यांची क्लिप जगभर फिरली होती. समोर बघितल्यावर ते का झालं असेल हे कळतं.

काका हळूच म्हणाले, “आमच्याकडं ह्याला अपशकुनी म्हणतात. पण उंदरं लई कमी झाल्यात बघा पार्किंगमधली.”

सेक्रेटरींचा प्रश्न व्यवहाराचा होता. जाळीचा आगाऊ पैसा दिलाय, उद्याचं काय? मी सांगितलं की पिल्लं उडायला जन्मापासून साधारण दोन महिने घेतात, म्हणजे ही अजून काही आठवडे इथे आहेत. वन्यजीव कायद्यानं घुबडांना संरक्षण आहे, जाळीनं कोंडून मारली तर प्रकरण अंगाशी येईल. काही अडचण वाटली तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे. त्यांनी तिथल्या तिथे जाळीवाल्याला फोन लावला: आधी बी विंग करा, आमचा डक्ट डिसेंबरनंतर. ग्रुपवर पाठवायला काकांच्या क्लिपखाली मी दोन ओळी लिहून दिल्या, आणि नोंद कुणाची तेही लिहिलं. ते त्यांना मिळायलाच हवं.

रात्री 9:30

शेवटचं मिक्स. बाबांचा प्रसंग 17:40 ला सुरू होतो. “आवाज न्हवता” या वाक्यानंतर मी माळाची नुसती हवा ठेवली, त्याच जागी, त्याच रात्री टिपलेली. चार सेकंद. दूर एका मेंढीच्या गळ्यातली घंटा आहे, ती काढली नाही. फाइल चढवली, सोबत सूचना लिहिली: 17:40 ते 19:05 संगीत नाही, कुणीही घालू नये.

साडेदहाला दिग्दर्शकाचा फोन. ऐकून झालं होतं त्याचं. “बाबांचं तसंच राहू दे,” म्हणाला, “आणि पुढचा वनपिंगळा. त्याचं काय करायचं?”

वनपिंगळ्यासाठी मी कधीची थांबले आहे. 1884 मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात हे छोटं घुबड नमुना म्हणून मिळवलं, आणि त्यानंतर ते नाहीसं झालं. 1914 मध्ये रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांनी गुजरातेत एक मिळवल्याचा दावा केला, त्यामुळे शोधणारे चुकीच्या जागी आणि चुकीच्या काळात शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातली कातडी तपासून दाखवलं की तो नमुना चोरलेला आहे, नवी चिठ्ठी लावलेला. खोटी नोंद बाजूला सारल्यावर त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या खऱ्या जागा धुंडाळत निघाले आणि 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, वनपिंगळा समोर फांदीवर बसलेला होता. दिवसाउजेडी. 113 वर्षं तो तिथेच राहत होता. त्याआधी त्याचा आवाज कसा आहे हे शास्त्राला ठाऊकच नव्हतं. तो रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी नंतर नोंदवला.

“लायब्ररीतला पिंगळा लावायचा नाही,” मी म्हटलं. “साधा पिंगळा वेगळा ओरडतो. वनविभागाची परवानगी काढ, त्या भागात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या अभ्यासकांना आधी विचारू, आणि घरट्याजवळ आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. मिळेल तेव्हा मिळेल.”

“आणि नाही मिळाला तर?”

“तर जे तिथे ऐकू येईल ते लावू. सातपुड्याच्या पायथ्याच्या पारध्यांना, पावरा लोकांना विचारू त्यांनी काय ऐकलंय. त्यांच्या बोलण्याखाली काही नाही घालायचं, हे आजच लिहून ठेव.”

त्यानं लिहून घेतलं, आणि परवानगीच्या अर्जासाठी माझ्या रेकॉर्डरचा तपशील मागितला.